आवाज खालीवर

१० फेब्रुवारी. सकाळी, भाकऱ्या झाल्यावर.

आजपासून नोंद ठेवायची. जव्हारचा देवराम मिस्त्री मंगेशला म्हणाला, ॲम्पाचा आवाज कधी वर जातो, कधी खाली येतो, तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं, हे तारीख टाकून लिहा. नुसतं खालीवर होतो म्हणून सांगितलं तर रोग कळत नाही. मंगेश मला म्हणाला, आजी, तू दिवसभर घरात असतेस, तूच लक्ष ठेव. नातवाला आजीची किंमत कळली, उशिरा का होईना.

मला लिहिता येत नाही. शेजारची योगिता लिहिते. ती अंगणवाडीत शिकवते, तिचं अक्षर गोल आहे म्हणतात. मला सगळंच गोल दिसतं. बदल्यात मी तिच्या वालाच्या शेंगा सोलते. तिला बजावलंय, मी बोलेन ते लिहायचं, मधे अक्कल घालायची नाही. आणि हे कुणी वाचायचं नाही. मला वाचता येत नाही, त्यामुळे माझ्याकडून धोका नाही.

ॲम्प म्हणजे लाकडाचं खोकं. पुढं जाळी, वर मूठ, गोल गोल बटणं. मुंबईत गिटारवाले वापरतात. मंगेश ठाण्याला घरसामान हलवायच्या टेम्पोवर होता. एका साहेबाच्या बायकोनं सांगितलं, नव्या घरात हे धूड येणार नाही. साहेबानं डोळे पुसत मंगेशला देऊन टाकलं. मंगेश त्याला तारांचा बेंजो जोडतो, म्हणजे आवाज मांडवभर जातो. मागून बघितलं तर आत काचेचे वाल्व आहेत. बटण दाबलं की आधी काहीच नाही, मग लाल, मग पिवळे, पणत्या लावाव्यात तसे.

मंगेश म्हणतो, ह्या लगीनसराईत बेंजो पार्टी चालली तर इथं साखरशेतलाच राहीन. ऑर्डरी गेल्या तर परत टेम्पोवर. मला काही फरक पडत नाही. त्याचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते पावसाला येतात. तोवर मी आणि कोंबडी. आम्हाला करमतं. कोंबडी फारसं बोलत नाही, एवढंच.

निश्चय: होळीच्या आत ॲम्प सरळ करायचा.

आवाज: सकाळी वर. चहा झाल्यावर खाली.

त्याच दिवशी, दुपारी.

एक सांगायचं राहिलं. ॲम्प घरात आला त्याच दिवशी मी त्याला शेंदूर लावला. तेलात कालवून, मागच्या बाजूला, मंगेशला दिसणार नाही असा. आमचा म्हातारा गावचा भगत होता. शिवेवरच्या वाघदेवाला शेंदूर तोच लावायचा. तो गेला, डबी माझ्याकडे राहिली. मंत्र त्यानं शिकवला नाही, पण जन्मभर शेजारी बसून तेल मीच कालवून दिलं. म्हणजे निम्मी विद्या आलीच. आणि ज्याच्या पोटात आपोआप दिवे लागतात, त्याला शेंदूर नाही तर काय पावडर लावायची?

हे मिस्त्रीला सांगायची गरज नाही. नोंद रोगाची ठेवायची आहे, औषधाची नाही.

११ फेब्रुवारी.

मंगेश वाजवत बसला, मी लक्ष ठेवून बसले.

खाली: योगिताच्या नवऱ्याची मोटरसायकल गेली.
वर: कोंबडी उंबऱ्यावर आली.
खाली: मंगेशनं शिवी दिली.
वर: तीच शिवी परत दिली.

यावरून उघड आहे की आवाजाला दृष्ट लागलीय. योगिता म्हणाली, गावात लाईटच खालीवर होते, पंख्याकडे बघ. बघितलं. पंखाही मधेच जोरात, मधेच हळू. म्हणजे पंख्यालाही लागलीय.

१४ फेब्रुवारी.

मंगेशनं जव्हारहून नवी वायर आणली, बेंजोपासून ॲम्पापर्यंत जाते ती. जुनी आत कुठेतरी मोडली असेल म्हणाला. लावली, आणि आवाज घट्ट. ढोलवाला सोन्या आला होता, त्यानं अंगणात नाचूनच घेतलं. म्हणे, वायरीनं काम केलं. मी गप्प. पहाटे शेंदराचं दुसरं बोट कुणी फिरवलं, हे ह्यांना कुठे ठाऊक? श्रेय मागायची मला सवय नाही.

संध्याकाळी. आवाज खाली. हल्लीच्या वायरीत दम नाही.

१९ फेब्रुवारी.

काल दाभोशाला हळद होती. मीही गेले. मी नाही गेले तर लक्ष कोण ठेवणार? जीपमध्ये पुढच्या सीटवर ॲम्प, मी मागे बेंजोच्या पिशवीशेजारी. मान कुणाला द्यायचा ते पोरांना बरोबर कळतं.

सुरुवात झकास. बायकांनी फेर धरला. मग नवरीची मामी मधे नाचायला उतरली आणि आवाज असा गेला, जसा दोर तुटून पोहरा विहिरीत जातो. बायकांचे पाय हवेत. सोन्या एकटाच ढोल बडवतोय, त्याला वाटलं आपणच बहिरे झालो. मंगेश एकेक बटण पिळतोय. एवढ्यात आवाज धाडकन परत आला, आणि नवरीच्या आज्याच्या हातातला चहा त्याच्याच धोतरावर. म्हातारा म्हणाला, आमच्या फुंकायच्या तारप्याला प्लग लागत नव्हता बाबांनो. सगळा मांडव हसला. एका बाईनं मला विचारलं, साखरशेतची पार्टी मधेमधे झोपते का गं? मी म्हटलं, बाय, तुमच्या मामीला नाचताना बघून भल्याभल्यांची दातखीळ बसते, हे तर मशीन.

पण मंगेश हसला नाही. येताना ॲम्प मांडीवर घेऊन बसला. सोन्या मला म्हणाला, डोकरे, पोराचं ह्या खोक्याशीच लग्न लावून टाक, हळद तर झालीच आज. तरी हसला नाही. वाटेत टेम्पोवाल्याचा फोन आला. मी ऐकलं नाही, माझा कान दुसरीकडे होता. तो म्हणाला, लगेच नाही सांगत, थोडं थांबा, बघतो.

निश्चय: एका बोटानं भागणार नाही.

२० फेब्रुवारी. मंगेश नदीवर गेल्यावर.

पुढची गोल बटणं. प्रत्येक बटणाचा देव वेगळा, असं धरून चालले. कुणाला कमीजास्त नको म्हणून सगळ्यांना सारखा लावला. मग लांबून बघितलं तर लग्नाला निघालेल्या करवल्यांसारखी दिसायला लागली. मंगेशच्या डोळ्यावर येईल म्हणून पदरानं वरचं पुसलं. मुळाशी गेलं ते गेलं. तेल जरा जास्त झालं होतं. मुरू दे. लोणचंसुद्धा मुरल्यावरच लागतं.

योगितानं लिहिता लिहिता विचारलं, आजी, तेल आत गेलं तर? मी म्हटलं, तू डोक्याला लावतेस ते कुठे जातं? आतच ना? मग अक्कल वाढते का कमी होते? ती म्हणाली, तुझ्याकडे बघून सांगता येत नाही. हे तिनं लिहिलंय का ते बघायला हवं. बघता येत नाही.

२३ फेब्रुवारी.

मंगेशनं योगिताकडून फ्रिजचा स्टेबिलायझर मागून आणला. त्याचा काटा एका जागी उभा राहिला, आवाज नाही राहिला. म्हणजे लाईट निर्दोष. योगिताचं एक मत खोटं पडलं, हे ठळक लिही म्हटलं. ठळक म्हणजे काय ते तिला समजत नाही असं दिसतं.

नवी भानगड. बटण फिरवलं की जात्यावर नागली भरडल्यासारखी खरखर येते. मंगेश म्हणाला, आता बटणंही गेली वाटतं. मला वाटलं, देव बोलायला लागले. आजपर्यंत मुके होते.

मग मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे त्यानं ॲम्प चालू ठेवून लाकडी पेन्सिलीनं एकेका वाल्वला हलकंच टिचकी मारली. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. कडेच्या वाल्वला मारली तर आवाज घोरणाऱ्यासारखा दचकून उठला. मंगेश म्हणाला, ह्याचे पाय खोबणीत नीट टेकत नाहीत. म्हणजे इतके दिवस मी नुसती कपाळालाच मलम लावत होते, दुखणं पायात होतं.

मिस्त्रीची ताकीद आहे: ॲम्प बंद असला, प्लग काढलेला असला, तरी आत करंट साठून असतो. आत हात घालायचा नाही. मी नीट ऐकून घेतलं. हात घालायचा नाही.

काडीला कापूस गुंडाळून घालायचा.

२६ फेब्रुवारी. महाशिवरात्र. उपास.

मंगेश जीपवाल्याकडे गेला होता. काडीनं दिव्यांच्या पायांना शेंदूर लावला. तीन दिवे नीट झाले. चौथ्याला काडी पुरेना, बोट थोडंसं पुढं गेलं. खांद्यापर्यंत असा झटका बसला, की डबी तिकडे, मी इकडे, कोंबडी माळ्यावर.

देव जागृत आहे. आमच्या म्हाताऱ्याच्या वाघदेवानं त्याला जन्मात एकदाही असा रोखठोक कौल दिला नव्हता.

हात अजून जड आहे. उपासानं असेल.

आवाज: बघितला नाही. झोपले.

२ मार्च.

एक ऑर्डर गेली. चांभारशेतकडचा साखरपुडा होता, त्यांनी दुसरीकडून डीजे सांगितला. त्यांना कुणी दाभोशाच्या मामीची गोष्ट सांगितली म्हणे. सोन्या म्हणाला, डोकरे, काळजी करू नको, आपण मौतीला वाजवू, तिथं आवाज खाली गेला तरी शोभतो. मी त्याला चहा दिला नाही.

मंगेशनं टेम्पोचा निळा शर्ट पेटीतून काढून धुतला आणि दोरीवर टाकला. तो बाहेर गेल्यावर मी शर्ट परत भिजवला. कॉलर नीट निघाली नव्हती. आता वाळायला वेळ लागेल. वाळला की बघू, कॉलर परत तपासावी लागेल.

दुपारभर विचार केला. शेंदूर दिला. दिवा त्याचा त्याच्याकडेच आहे. नैवेद्य कुठे दिला? उपाशी देव कसा बोलेल? बेंजोची वायर घालायचं भोक, तेच तोंड. आवाज तिथूनच आत जातो. गुळाचा छोटा खडा दिला. बोटानं ढकलावा लागला, पण गेला. खाल्ला.

खरंच, हे मला आधी सुचायला हवं होतं.

५ मार्च. जव्हारहून आल्यावर.

मुंग्या. तोंडातून आत, मागून बाहेर, पुन्हा आत, जशी आश्रमशाळेची पोरं रांगेनं. आवाज तर नाहीच, नुसतं कुजबुजल्यासारखं. मंगेशनं खोकं उचललं आणि जीप गाठली. मीही बसले. नको म्हणाला, तरी बसले.

देवराम मिस्त्री टीव्ही, मिक्सर, पाण्याचा पंप सगळं उघडतो. उघडलेलं किती परत बंद होतं ते माहीत नाही, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानं ॲम्प उघडला, बॅटरी मारली आणि बराच वेळ हं, हं केलं. मग म्हणाला, लाल माती. जीपच्या टपावर बांधून आणता ना? आपल्या रस्त्याची माती आत जाते, दमटपणानं चिकट होते, वाल्वच्या पायांना बसते. बटणातसुद्धा तीच. पाय खोबणीला टेकले तर आवाज, नाही टेकले तर नाही. मंगेश म्हणाला, टपावर कधीच बांधत नाही, मांडीवर घेतो. मिस्त्री म्हणाला, मग खिडकीतून येते. आणि मुंग्यांना वायरीचं प्लास्टिक आवडतं, असंही म्हणाला.

मी म्हटलं, रस्ते फारच वाईट झालेत. मिस्त्री मला त्या दिवशी पहिल्यांदा हुशार वाटला.

मंगेशनं ती माती बोटावर घेतली, चोळली, वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मी पंपाकडे बघत होते. चांगला पंप होता.

मिस्त्रीनं फवारा मारून ब्रशनं पाय घासले, खोबणी साफ केल्या, तोंडातलं कोरून काढलं. आणि जाताना एक नियम सांगितला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही.

आवाज: घट्ट. जव्हार ते साखरशेत मंगेश शीळ घालत होता.

९ मार्च.

आवाज घट्ट. मंगेश सकाळ-संध्याकाळ वाजवतो. खोडाळ्याच्या मोठ्या लग्नाची ऑर्डर आलीय. शर्ट वाळला, पेटीत गेला, वर कुलूप.

सगळं बरं आहे, त्यामुळे काळजी वाटते. मिस्त्रीनं सगळं घासून काढलंय. देव उघडा पडलाय. आत्ता आवाज आहे, तो मागच्या पुण्याईवर. पुण्याई कधी संपेल सांगता येत नाही. टाकीतलं पाणी संपायच्या आधी मोटर लावायची असते.

थोडासाच लावला. पायांना. आणि बटणांना. आणि थोडा गूळ.

१० मार्च.

आवाज खाली. बघा, मी एक दिवस उशीर केला.

योगितानं पेन खाली ठेवलं आणि तोंडावर म्हणाली, आजी, तू लावतेस त्याच्या दुसऱ्या दिवशी बिघडतो. मी म्हटलं, तू उलटं बघतेस. तो बिघडणार असतो, म्हणून मला आदल्या दिवशी लावायची बुद्धी होते. ती म्हणाली, मिस्त्रीचा नियम काय? एका वेळी एकच गोष्ट बदल. मग शेंदूर बंद करून बघ. मी म्हटलं, आणि आवाज कायमचा गेला तर तुझी अंगणवाडी माझ्या नातवाला पोसणार का?

बोलाचाली झाली. शेंगा तिच्या तिनंच सोलल्या.

१३ मार्च. होळी.

होळीच्या आत सरळ करायचा, असं मी म्हटलं होतं खरं. कुठल्या होळीच्या, ते म्हटलं नव्हतं.

मंगेश परवा एकटाच जव्हारला गेला, ॲम्प परत साफ करून आणला. मला विचारलं नाही, मी गाडीत बसायच्या आतच गाडी सुटली. आता ॲम्पावर प्लास्टिक घालून सुतळीनं बांधलंय. म्हणाला, धूळ फार आहे. गाठ अशी मारलीय की माझ्या बोटांना सुटत नाही. बघितलं म्हणून सांगते.

खोडाळ्याला वाडा गावच्या मोठ्या बेंजो पार्टीचा शेठ येणार आहे. मंगेशनं टेम्पोवाल्याला सांगितलं, खोडाळ्यानंतर शेवटचं सांगतो. इकडे किंवा तिकडे. हे सांगताना त्याचा आवाजच खाली गेला. त्याला कुठे शेंदूर लावू?

होळीला नैवेद्य दाखवला. योगिताशी बोलले. तिला खोटं पाडायला म्हणून एक निश्चय केला: खोडाळ्यापर्यंत ॲम्पाला बोट लावणार नाही. डबी तिच्याकडेच ठेवायला दिली. माझा स्वतःवर भरवसा नाही म्हणून नव्हे. तिला नीट बघता यावं म्हणून.

१७ मार्च.

आवाज घट्ट. हात शिवशिवतात. पाटावरवंट्याला हळद लावली. दाराला लावली. कोंबडी जवळ येत नाही.

२० मार्च.

आवाज घट्ट. अजून.

योगिता काही बोलत नाही. असं न बोलणं मला आवडत नाही.

२४ मार्च. सकाळी.

खोडाळा.

काय वाजलं! मांडवाच्या बाहेर, बाजारापर्यंत ऐकू जात होतं. म्हातारे नाचले, वाढपी नाचले, नवरदेवाला खाली बसवेना. मंगेशनं एक सूर धरून ठेवला, तो सूर तसाच उभा राहिला, हलला नाही. मी ॲम्पाजवळ बसून होते. आत्ता खाली येईल, आत्ता येईल, म्हणून वाट बघत होते. एकदाही आला नाही.

कारण सरळ आहे. आधीचा सगळा शेंदूर आता मुरला.

शेवटी वाड्याचा शेठ पुढं आला. गळ्यात साखळी, दोन्ही हातांत फोन. म्हणाला, पोरा, बेंजो आणि हे खोकं घेऊन माझ्याकडे ये. पार्टी बारा महिने फिरते, ठाणे, नाशिक, गुजरातपर्यंत. राहायची खोली पार्टीची. मंगेशच्या डोळ्यांत मी बघितलं. आधी काहीच नाही, मग लाल, मग पिवळे.

टेम्पोवाल्याला त्यानं तिथूनच फोन करून सांगितलं, येत नाही. ह्याचीच तर मी इतके दिवस वाट बघत होते. टेम्पोवर जाणार नाही. आता वाड्याला जाणार.

मला आनंद झाला. लिही, आनंद झाला. एकदाच लिही.

योगिता म्हणाली, बिघडलेला होता तोवर घरात तरी होता. कोण, ते मी विचारलं नाही.

२७ मार्च.

मंगेशला सांगितलं, वाड्याचं पाणी जड असतं. म्हणाला, बरं. सांगितलं, शेठची साखळी खोटी वाटते. म्हणाला, असू दे. सांगितलं, इथं भात लावणीला कोण येणार? म्हणाला, पावसाला आईबा येतातच की, मीही येईन बघ.

निळा शर्ट त्यानं सोन्याला देऊन टाकला. एवढ्या वेळा धुतलेला शर्ट.

योगिताकडून डबी परत मागितली. पाडव्याला पूजेला लागते म्हटलं. तिनं दिली. देताना सोडत नव्हती.

३० मार्च. पाडवा. जीप गेल्यावर.

मंगेश गेला. पाया पडला, हसला, ॲम्प मांडीवर घेतला. प्लास्टिकची गाठ सकाळी त्यानंच सोडली होती, आंघोळीला जायच्या आधी.

तेवढ्यात मी शेंदूर लावला. ह्या वेळी औषध म्हणून नाही, नुसता आशीर्वाद म्हणून. चारी बाजूंनी. दिव्यांच्या पायांना काडीनं भरपूर, कारण प्रवासात पायच थकतात. बटणांना तेल सैल ठेवून. तोंडात गूळ, लांब जाणाऱ्याच्या तोंडात गोड घालतातच. जरा मोठा खडा.

योगिताचं पेन थांबलं. लिही म्हटलं. ती म्हणाली, आजी, तुला ठाऊक आहे ना? मी म्हटलं, काय? तिनं पेन परत उचललं. कोंबडी ओरडली, अंडं दिलं असेल. बघायला उठले. नव्हतं दिलं.

५ एप्रिल.

टाकीजवळ रेंज येते तिथं फोन घेऊन बसले होते. वाट बघत काही बसले नव्हते, सहज. मंगेशचा फोन आला. म्हणाला, आजी, आवाज परत खालीवर होतोय. भर कार्यक्रमात गेला.

फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की घरी येऊन सगळं घर सारवलं. वाल भिजत घातले. मंगेशची गोधडी उन्हात टाकली. सोन्याकडे निळा शर्ट मागायला माणूस पाठवला, सोन्यानं उलट निरोप धाडला, डोकरीला म्हणावं, ह्याची कॉलर कशी झिजली ते सांग.

मंगेशला फोनवर सांगितलं होतं, तिकडच्या मिस्त्रीला हात लावू देऊ नको. त्याला माझ्याच हाताचा गुण आहे, घेऊन ये घरी. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बघतो.

बघतो म्हणजे येतो. लहान होता तेव्हापासून त्याचं बघतो म्हणजे येतोच.

७ एप्रिल.

उद्याच्या जीपनं पाठवतो, असा निरोप आला. योगिता म्हणाली, पाठवतो म्हणालाय, येतो नाही म्हणाला. मी म्हटलं, अंगणवाडीत शिकवायला लागल्यापासून तू फार शब्द मोजतेस.

८ एप्रिल. संध्याकाळी.

जीप दुपारी आली. ड्रायव्हरनं ॲम्प उतरवून ओट्यावर ठेवला. मी जीपच्या मागे बघितलं. पुढं बघितलं. सीटखाली बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, आजी, काय हरवलं? मी म्हटलं, काही नाही.

निरोप असा. शेठनं मंगेशला नवा ॲम्प दिलाय. जेवणाच्या डब्याएवढा, आत दिवेबिवे नाहीत, गरम होत नाही, आवाज हलत नाही. मंगेशचं तिकडं छान चाललंय. हा जुना आजीकडेच राहू दे म्हणाला, तिला दिवे आवडतात. आणि म्हणाला, आता पाहिजे तेवढा शेंदूर लाव म्हणावं. फक्त आधी प्लग काढ, आणि बोट आत घालू नको.

ड्रायव्हरला विचारलं, अजून काही म्हणाला का? नाही म्हणाला. परत विचारलं. परत नाही म्हणाला.

भाकऱ्या दोघांच्या झाल्या होत्या. वालही दोघांचे. योगिताला जेवायला बसवलं. ती खाली मान घालून जेवली, शिकवलं काही नाही.

मग तिनं प्लग लावून बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग लाल. मग पिवळे. बेंजो नाही, वायर नाही, त्यामुळे नुसतेच दिवे. वर ऊब आली तशी कोंबडी चढून बसली. मी डबी उघडली, बघितली, झाकण लावलं. आज गरज वाटली नाही.

योगे, मिस्त्रीसाठी नोंद कर. तारीख टाक. आवाज आता खालीवर होत नाही.